देश कुठला ते नंतर, आधी तुझ्या हातात कागद कुठले ते बघू

प्रश्न डिचोलीहून आला आहे. मुलगी 26 वर्षांची, इंग्रजीत एम.ए., बी.एड. झालेली, तीन वर्षं उच्च माध्यमिकात लेक्चर बेसिसवर शिकवतेय. बाहेरून दोन बोलावणी आली आहेत. एक व्हिएतनाममधल्या हाय फाँग शहरातल्या भाषाकेंद्राचं. पगार चांगला, पण ते म्हणतात, ‘टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं इथं आल्यावर बघू.’ दुसरं ओमानमधल्या, मस्कतपासून दोन तासांवरच्या एका खाजगी शाळेचं. पगार त्याच्या दोन-तृतीयांश, राहायची सोय शाळेची. दोन्ही म्हापशाच्या एकाच एजंटमार्फत आणि तो दीड लाख मागतोय. आई म्हणते, आखातात केव्हा भडका उडेल सांगता येत नाही. वडील म्हणतात, व्हिएतनामात आपलं कोण आहे? आणि मुलीचा प्रश्न असा, की एकट्या मुलीच्या दृष्टीनं दोन्हींत सुरक्षित देश कुठला?

मी कोण ते आधी सांगते. ओमानमध्ये सात वर्षं आणि व्हिएतनामात दा नांगला दोन वर्षं मी इंग्रजी शिकवलं. गेली नऊ वर्षं फोंड्यात आहे. बाहेर शिकवायला जाणाऱ्यांची मुलाखतीची तयारी करून घेते, त्यांचे करार वाचून देते. माझी धाकटी तुझ्याच वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. राग मानू नकोस.

दा नांगला रात्री साडेनऊला शेवटचा वर्ग सुटायचा. मी चालत खोलीवर यायचे आणि त्या वेळी फोंड्याच्या बसस्टँडवर मी जेवढी सावध असते, तेवढीही तिथं नसायचे. ओमानमध्ये एकदा भाजीच्या दुकानात पर्स विसरले, तर दुकानदार दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर घेऊन आला. चोरी, छेडछाड, रस्त्यावरची दादागिरी एवढंच बघायचं तर माझा अनुभव दोन्हीकडे चांगला आहे. तरी या नऊ वर्षांत माझ्यापुढं येऊन रडलेल्या मुली दोन्हीकडून परत आलेल्या होत्या. त्यांतल्या एकीलाही रस्त्यावरच्या माणसानं त्रास दिला नव्हता. दिला तो नोकरी देणाऱ्यानं नाहीतर पाठवणाऱ्यानं. आणि त्यांना तो देता आला, कारण मुलीला दाद मागायला जागाच उरली नव्हती.

म्हणून मी प्रश्न असा मांडते: तिथं काही बिनसलं, तर पोलिस ठाण्यात, कामगार खात्यात किंवा आपल्या वकिलातीत तुला बिनदिक्कत जाता येईल का? आणि नाहीच निभावलं, तर चार दिवसांत स्वतःच्या पैशानं डिचोलीला परत येता येईल का? या दोन्हींना ‘हो’ असेल तर पुष्कळ देश सुरक्षित आहेत. एकालाही ‘नाही’ असेल, तर देश कितीही शांत असो, तू तिथं दुसऱ्याच्या मर्जीवर असशील.

आता व्हिएतनामचं बोलावणं बघू. 15 ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनाम 90 दिवसांचा ई-व्हिसा देतं. घरबसल्या अर्ज करता येतो आणि फी फार नाही. भाषाकेंद्रांना हे सोयीचं पडतं: बाई आणायची, तीन महिने शिकवून घ्यायचं, आवडली तर पुढचं बघायचं. पण तो व्हिसा फिरण्याचा आहे. त्यावर शिकवणं बेकायदा, सापडलीस तर दंड आणि देशाबाहेर. रीतसर मार्ग वर्क परमिटचा. त्याला पदवी लागते, शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं (सेल्टा किंवा 120 तासांचा टेफल), पोलिस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी लागते. पोलिस क्लिअरन्स पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. पदवीवर आधी राज्य पातळीवर शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दिल्लीतल्या व्हिएतनामच्या वकिलातीचा. यातलं बहुतेक सगळं भारतात होणारं काम आहे. ‘इथं आल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला हे माहीत असतंच. एकदा तू तिथं पोचलीस की कागद कुरियरनं मागेपुढे पाठवण्यात महिने जातात आणि ते सगळे महिने तू बेकायदा शिकवत असतेस.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 2014 साली मी स्वतः हीच चूक केली आहे आणि तेव्हा मी तुझ्यासारखी नवखी नव्हते, पंचेचाळिशीची होते. बिझनेस व्हिसावर गेले. ‘परमिट प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य अकरा आठवडे ऐकलं. तिसऱ्या महिन्याचा पगार अर्धाच आला, तेव्हा व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन बसले. अतिशय सभ्य माणूस. त्यानं चहा मागवला, ड्रॉवर उघडला, माझ्या व्हिसाची झेरॉक्स काढली आणि टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवली. बोलला एक अक्षर नाही. मी चहा प्यायले आणि उठून आले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या केंद्रात लागले. परमिट करून दिल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवणार नाही असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते करून दिलंही. तेव्हा कायद्यानं वागणारी केंद्रं तिथं आहेत आणि ती भारतीयांना घेतात. पण आधी मागावं लागतं.

शहर किती शांत होतं ते मी वर लिहिलंच आहे. त्या शांत शहरातसुद्धा पोलिस दिसला की मी फुटपाथ बदलत असे. अकरा आठवडे.

तुझा एजंट उद्या चीन किंवा कोरियाही पुढं करील, म्हणून ओघात एक सांगून ठेवते. या दोन्ही देशांत भाषाशिक्षकाचा नेहमीचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या पासपोर्टवाल्यांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी वाट अगदी अरुंद आहे. चीनमध्ये परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर 5,000 ते 20,000 युआन दंड आणि प्रकरण गंभीर धरलं तर वर 5 ते 15 दिवस कोठडी, असं तिथल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात लिहिलेलं आहे. ‘सगळे असंच करतात’ हे खरं असेल. पकडलं जाताना मात्र एकटीच पकडली जातेस.

आता ओमान. इथं व्हिसा नोकरी देणारा काढतो, तू जायच्या आधी. म्हणजे पहिल्या दिवसापासून तू कायदेशीर. करार तिथल्या कामगार मंत्रालयात नोंदवला जातो, पगार बँकेतून द्यावा लागतो आणि पगार थकला तर तक्रार घेणारी यंत्रणा आहे. पदवीच्या बाबतीत ओमान अपॉस्टिल (करारातल्या सगळ्या देशांत चालणारा शिक्का) मानतो, त्यामुळं राज्य पातळीवरच्या शिक्क्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा एक पुरतो, वकिलातीचा लागत नाही. कागदांच्या दृष्टीनं हे बोलावणं व्हिएतनामच्या बोलावण्यापेक्षा कितीतरी सरळ आहे.

पण आखातातली अडचण वेगळ्या जागी असते. तुझा व्हिसाच मालकाच्या नावाशी बांधलेला. नोकरी आवडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी समोरच्या शाळेत जाता येत नाही. पूर्वी तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर ओमान सोडून दोन वर्षं परत येता येत नसे. माझ्या काळी स्टाफरूममध्ये हे ना-हरकत पत्र हाच कायमचा विषय होता. 1 जानेवारी 2021 पासून ती अट काढली, करार संपल्यावर दुसरीकडे जाता येतं. मात्र कराराच्या मध्येच सोडायचं झालं तर अटी नीट वाचाव्या लागतात. नोटीस किती, परतीचं तिकीट कोणाचं, आधी सोडलं तर ‘भरपाई’ म्हणून काय कापणार? तुझ्या कराराचं हेच पान मला बघायचं आहे. पगाराचं पान सगळेच पाठवतात.

आणि पासपोर्ट. शाळा म्हणेल, ‘सुरक्षित राहावा म्हणून ऑफिसच्या तिजोरीत ठेवतो.’ व्हिसाचा शिक्का किंवा रेसिडेंट कार्ड व्हायला चार-आठ दिवस द्यावा लागतो, ते ठीक. त्यानंतर परत हातात पाहिजे. भारतीय पासपोर्ट ही 1967 च्या कायद्याप्रमाणं भारत सरकारची मालमत्ता आहे. ती ठेवून घ्यायचा अधिकार शाळेला नाही आणि देऊन टाकायचा अधिकार तुलाही नाही. मुलाखतीतच नम्रपणे विचार, ‘पासपोर्ट माझ्याकडेच राहील ना?’ उत्तरापेक्षा उत्तराला लागलेला वेळ मोज. पदवीच्या मूळ प्रमाणपत्रांचंही तेच. दाखवायला घेऊन जा, ठेवायला देऊ नकोस.

इथं मी आईच्या भीतीकडे येते, कारण ती तुला वाटते तितकी भाबडी नाही. आमचे धाकटे काका कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा शिरल्या, तेव्हा त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता, तिजोरीची किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर पहिल्याच दिवशी सीमेपार. वकिलातीकडून प्रवासाचा तात्पुरता कागद मिळवायला काकांचे बरेच दिवस गेले. मग बसनं बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, वाळवंटातला तंबू, अम्मानहून एअर इंडियाचं विमान, मुंबई, आणि मुंबईहून कदंबच्या बसनं घर. दारात आले तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तीत शेजाऱ्याच्या मुलासाठी घेतलेलं खेळण्यातलं विमान. त्या दोन महिन्यांत सुमारे 1,70,000 भारतीयांना अम्मानमार्गे आणलं. गोव्यात अशी घरं पुष्कळ, जिथं या प्रकरणातला एखादा माणूस आहे. काका शेवटपर्यंत सांगायचे, ज्यांचे पासपोर्ट उशाशी होते ते आमच्या आठ-दहा दिवस आधी निघाले.

तेव्हा आईला ‘काही होत नाही गं’ म्हणू नकोस. होतं. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षात कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणनं क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा आखातातल्या अनेक देशांनी काही तास आकाश बंद केलं आणि माझी एक विद्यार्थिनी दुबईच्या विमानतळावर रात्रभर जमिनीवर बसून होती. ओमान या सगळ्यात बहुधा मध्यस्थाच्या भूमिकेत असतो, पण भूगोल बदलता येत नाही. आईला सांगायचं ते हे, की कुवेतच्या वेळी काय काय नव्हतं आणि तुझ्याकडे काय असेल. पासपोर्ट स्वतःजवळ. पोचल्यापोचल्या मस्कतच्या भारतीय वकिलातीत नाव नोंदवलेलं. परतीच्या तिकिटाचे पैसे भारतातल्या खात्यात, ज्याला हात लावायचा नाही. येमेनमधून 2015 साली आणि सुदानमधून 2023 साली आपल्या सरकारनं माणसं काढली. असं काही झालं की वकिलात आधी यादी मागते आणि ती यादी ऐनवेळी करणं फार अवघड जातं. नोंदणीला दहा मिनिटं लागतात. तरी पुष्कळ जण करत नाहीत.

आता म्हापशाचा एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव टाक, परवाना क्रमांक बघ, मुदत संपली नाही ना ते बघ. दुसरं, नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात. 18 टक्क्यांनी ते 35,400 होतात. तो दीड लाख मागतोय. पावती देणार का विचार. ‘व्हिसाचे वेगळे, शाळेच्या माणसाला द्यायचे वेगळे’ असलं काही बोलायला लागला, तर तुला उत्तर मिळालं.

इथं पदवीधरांची एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. दहावी न झालेला माणूस ओमानला निघाला तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा) शिक्का असतो आणि त्याचा करार सरकारी अधिकारी तपासून मगच सोडतो. तू एम.ए., बी.एड. तुला त्या तपासणीची गरज नाही असं सरकार मानतं. म्हणजे व्यवहारात तुझा करार तुझ्याशिवाय कुणीच वाचत नाही. शिकलेल्या मुली फसतात याचं आपल्याकडे नवल करतात. मला नाही वाटत. शिक्षिकेला सांगितलं की ‘फॉर्मॅलिटी आहे, सही करा,’ की ती करते. ‘मी वाचते’ म्हणायची तिला लाज वाटते, समोरच्याचा अपमान होईल म्हणून. वाच. अरबीत आणि इंग्रजीत असा दोन रकान्यांचा करार येईल. भांडण झालं की अरबी मजकूर धरतात, म्हणून अरबी वाचणाऱ्या कुणाकडून तरी तो बघून घे. गोव्यात अशी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एजंटांपैकी सगळ्यात वाईट जात वेगळी, तिची एक ओळख देऊन ठेवते. ‘इंग्रजी उत्तम बोलणारे हवेत, बँकॉक, राहणं-जेवण फुकट, मुलाखत फक्त टेलिग्रामवर.’ अशा बोलावण्यांवर गेलेल्या भारतीयांना थायलंडच्या माई सोतमार्गे नदीपार म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवलं. मार्च 2025 मध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त जणांना परत आणावं लागलं. आमच्याकडचा एक मुलगा अशाच ‘टीचिंग कन्टेन्ट’च्या नोकरीला निघाला होता. मी त्याला एवढंच विचारलं, ऑफिस नकाशावर दाखव. बँकॉकपासून सुमारे 500 किलोमीटरवर, सीमेवर, शेतात बोट टेकलं. तुझ्या दोन्ही ठिकाणांचे पत्ते असेच नकाशावर बघ, फोटो बघ. शाळा असेल तर पालकांच्या गाड्यांची रांग कुठंतरी दिसतेच.

मात्र या सगळ्यांपेक्षा मी ज्यावर जास्त भरवसा ठेवते, ते म्हणजे तिथं आत्ता शिकवणाऱ्या बाईशी फोनवर अर्धा तास बोलणं. शाळेनं दिलेल्या नंबरावर नाही. शाळा आपली लाडकी बाई देणार. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचे फोटो, जुन्या शिक्षिकांची नावं यांतून आपण शोधायची. सोडून गेलेली मिळाली तर उत्तमच. आणि ‘शाळा कशी आहे?’ असं विचारायचं नाही. त्याला सगळ्या ‘चांगली आहे’ म्हणतात. मी विचारते, ‘शेवटचा पगार कुठल्या तारखेला आला? शेवटचं आजारी पडलात तेव्हा दवाखान्यात कुणी नेलं? खोलीचं दार आतून बंद होतं का आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते?’ तिसऱ्या प्रश्नावर काही बाया गप्प होतात. एका मुलीनं सांगितलं होतं, की किल्ली इमारतीच्या वॉचमनकडे असते आणि ‘तो चांगला माणूस आहे.’ असेलही. आम्ही पहिल्याच दिवशी बाजारातून आतली कडी विकत घेऊन बसवून घ्यायची ठरवली. चार स्क्रू, वीस मिनिटं. शाळेनं हरकत घेतली नाही.

तुझ्या ओमानच्या शाळेनं सोय दिली आहे, पण ती शाळेपासून किती लांब आणि शुक्रवार-शनिवारी सुट्टीला तुला स्वतःहून बाहेर पडता येईल का, हे पत्रात नाही. मस्कतपासून दोन तासांच्या गावात बस मिळणं कठीण, टॅक्सी महाग. पहिलं वर्ष मी अशाच गावात होते. कुणी त्रास दिला नाही, पण दोन-दोन आठवडे शाळा आणि खोली यांपलीकडे काही पाहिलं नाही. डिसेंबरात मी आरशाशी मालवणीत बोलायला लागले. (खरंच.) याला कुणी असुरक्षितता म्हणत नाही. पण याच अवस्थेत माणूस चुकीच्या माणसावर विश्वास टाकतो, म्हणून मी तिला त्याच खात्यात धरते. तू एकटी राहू शकतेस का, हे मला इथून कळणार नाही. घर सोडून कधी चार महिने राहिलीस का, त्यावरून तूच ताड. आणि हो, गणेशचवथीला येता येणार नाही. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी जून-जुलैत असते. पहिल्या वर्षी गणपतीवरची फळा-पानांची माटोळी व्हिडिओ कॉलवर बघताना जे होतं, त्याची तयारी ठेव.

हाय फाँगला एकटेपणाची अडचण कमी, तिथं धोका दुचाकीचा. भाषाकेंद्रं दोन-तीन शाखांत फिरवतात, मग स्कूटर भाड्यानं घ्यावीशी वाटते. आपण गोव्याचे, स्कूटरवरच वाढलेले, आपल्याला वाटतं येतंच की. डिचोलीतून खनिजाच्या ट्रकांमधून चालवणारीला हाय फाँगचं काय भय! पण आपल्या आरटीओत मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स रस्ते-वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारावर असतं आणि व्हिएतनाम मानतं ते 1968 च्या करारावरचं. म्हणजे अपघात झाला तर तू कायद्यानं विनालायसन्स आणि विमा कंपनी हात वर करायला मोकळी. तिथलं स्थानिक लायसन्स काढेपर्यंत अ‍ॅपवरून बाइक-टॅक्सी बोलाव, स्वस्त पडते.

सामानाबद्दल दोन ओळी. थायरॉइडच्या गोळ्या घेतेस असं लिहिलंयस, त्याची काळजी नाही, डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट ठेव. पण घरात पडलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी चुकूनही पिशवीत नको. आखातात या गोष्टी अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. आणि आईला सांग, डब्यात अनारसे देणार असशील तर खसखस न लावता दे. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते आणि तुझं विमान दुबईवरून बदलणारं असलं तर प्रश्न तिथंच सुरू होईल.

शेवटी तू लाजत लाजत विचारलंयस, की पोर्तुगीज अमदानीत जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद लिस्बनला चालू आहे, पोर्तुगीज पासपोर्ट येईपर्यंत थांबू का, जास्त सुरक्षित का? तो निर्णय मोठा आहे, नोकरीच्या पोटात घालू नकोस. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंस की भारतीय जातं आणि अडचणीच्या दिवशी तुझं नाव भारतीय वकिलातीच्या यादीत नसेल. जवळची पोर्तुगीज वकिलात कुठं आहे ते बघून मग बोल. युरोपात शिकवायचं असेल तर त्याचा फायदा मोठा. ओमानच्या शाळेला आणि हाय फाँगच्या केंद्राला त्यानं काही फरक पडत नाही. पोर्तुगीज माणूसही त्यांच्या हिशोबी ‘नेटिव्ह’, म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेला, नाहीच. फक्त कराराच्या मध्येच पासपोर्ट बदलू नकोस, व्हिसा जुन्यावर असतो.

पैशाचं मात्र निक्षून सांगते. दीड लाख कुठून देणार ते तू लिहिलं नाहीस. सोनं गहाण ठेवून किंवा सोसायटीतून कर्ज काढून असेल, तर जाऊ नकोस, देश कुठलाही असो. एक मुलगी बांगड्या ठेवून गेली होती. तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं, की ठरलेल्या पगारातून खोलीचं भाडं कापतात. ती चौदा महिने राहिली, कारण परत आली असती तर बांगड्या गेल्या असत्या. शाळेला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. परतीचं तिकीट आणि घरी तीन महिन्यांचा खर्च एवढी रक्कम तुझ्या एकटीच्या नावावर इथं पडून असली पाहिजे आणि त्या खात्याचा मोबाइल नंबर तिथंही चालू राहिला पाहिजे. नाहीतर ओटीपी डिचोलीच्या कपाटात वाजत राहतो आणि तू मस्कतला.

तू जेवढं लिहिलंयस तेवढ्यावरून माझं मत असं: व्हिएतनामचं बोलावणं आत्ता आहे त्या रूपात घेऊ नकोस, ओमानचं नाकारू नकोस पण सहीही करू नकोस. हाय फाँगला लिही, ‘परमिटची कागदपत्रं मी भारतातून पूर्ण करून देते, कामाच्या व्हिसावरच येईन, तीन महिने उशीर चालेल का?’ ओमानच्या शाळेला थेट लिही, एजंटला मध्ये न घेता: नोंदवल्या जाणाऱ्या कराराची प्रत, राहायच्या जागेचा पत्ता, पासपोर्ट कोणाकडे राहील आणि एजंटला शाळा पैसे देते की नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘आम्हीच देतो’ असं येतं. मग म्हापशाला काय बोलायचं ते तुला कळेलच. दोघांनाही दहा दिवस दे. तोवर पोलिस क्लिअरन्सचा अर्ज टाक आणि पदवीवरचे शिक्के सुरू कर, ते दोन्हीकडे लागणारच आहेत. आणि लेक्चर बेसिसची नोकरी व्हिसा हातात पडेपर्यंत सोडू नकोस.